कंपनीला चपला दिसत नाहीत

चहा घ्या आधी. आणि हसू आलं तर कप खाली ठेवून मग हसा, परवा एकानं माझ्या सतरंजीवर सांडला. गाढवपणा माझा आहे, सतरंजीचा काय दोष?

तर मंडळी, मी एका मालिकेला वाचवायला निघालो होतो. आणि अशी वाचवली, अशी वाचवली, की तिच्या वैऱ्यालाही एवढं जमलं नसतं.

भिंगारला आमची बारकी गल्ली. मी लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होतो, आता निवृत्त. गल्लीत सगळे अण्णा म्हणतात. माझी बायको मालती होती तोवर घरात बोलायचं खातं तिच्याकडं होतं आणि 'हं' म्हणायचं माझ्याकडं. ती गेली आणि माझ्यापाशी नुसता 'हं' उरला. म्हणायचा कुणाला? एकदा कुकरच्या शिट्टीला म्हणालो. खोटं सांगत नाही.

मुलगी वृषाली पुण्याला, जाहिरातीच्या कंपनीत. दिवाळीला आली तेव्हा तिनं मोठा टीव्ही बसवून दिला आणि त्यात ते मालिकांचं अॅप घातलं. "बाबा, माझ्याच खात्यावर सुरू करून दिलंय. आता कंटाळा नाही येणार तुम्हाला," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली.

अॅप उघडलं की पहिलं काय दिसावं? 'रक्ताचा सातबारा'. पडदाभर एक दाढीवाला, हातात कोयता, मागं पेटलेला ऊस. बटण दाबलं तरी तो, नाही दाबलं तरी तो. जरा थांबलं की आपोआप शिव्याच द्यायला लागायचा. सकाळी चहाच्या वेळी कुणी शिव्या देतं का हो? त्याला चुकवायला मी रिमोटचं खालचं बटण दाबत गेलो, दाबत गेलो, आणि पार तळाशी, जिथं कुणी फिरकत नाही, तिथं मला 'दामूची गिरणी' सापडली.

काय होतं तिच्यात? तसं काही नाही. खेड्यातली पिठाची गिरणी, दामू नावाचा बायको गेलेला म्हातारा गिरणीवाला, आणि दळणाचे डबे घेऊन येणाऱ्या बाया. डबा ठेवायचा, नंबर लावायचा, बोलत बसायचं. खून नाही, मारामारी नाही. एकदा गिरणीचा पट्टा तुटतो, तेवढाच थरार. पण संध्याकाळी गिरणी बंद केली की तो दामू अंगावरचं पीठ झटकत स्वतःशीच म्हणायचा, "चला, झालं आजचं." आणि मी खुर्चीतून म्हणायचो, "हं." आलं का लक्षात? माझ्या 'हं'ला गिऱ्हाईक मिळालं होतं.

आठ भाग होते. आठव्याच्या शेवटी रोज ज्वारी आणणारी शेवंताबाई दामूला म्हणते, "उद्या दळान न्हाई आणायची मी. पर येईन. एक बोलायचं हाय तुमाशी." आणि संपलं. तिथंच! आता माणसानं जेवावं कसं?

लगेच वृषालीला फोन लावला. म्हटलं, "याचा पुढचा हप्ता कधी?"

"कशाचा?"

"दामूच्या गिरणीचा. दुसरा सीझन की काय म्हणतात तुम्ही, तो."

पोरगी हसली. "बाबा, कुठून शोधून काढलंत हे? ती मालिका कुणी बघत नाही. दुसरा सीझन येईल असं वाटत नाही मला."

"का? चांगली आहे की."

"चांगली असून काय करायचं? विकता आली पाहिजे. त्या कोयतेवाल्याचा फोटो मोठ्या फलकावर लावला की गाडीतून जाणाऱ्यालाही कळतं काय आहे ते. दामूचा काय लावणार? भुवयांवर पीठ?"

"मग बनवली कशाला?"

"बनवणाऱ्याला आवडली असेल. बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. जाहिरातीचे पैसे जिथून वसूल होतील तिथंच लावतात हो. मग ती मालिका वर, बाकीच्या खाली. खाली आहे म्हणून लोक बघत नाहीत, आणि लोक बघत नाहीत म्हणून ती आणखी खाली."

हे मात्र मला चटकन कळलं. आमच्या डेपोत हेच चालायचं. रॅकच्या पुढच्या कप्प्यातला माल रोज बाहेर पडायचा, मागच्या कप्प्यातला तसाच पडून राहायचा. मग एक साहेब यायचे, म्हणायचे, "याला मागणी नाही." झालं, नवाकोरा माल कंडम. पुढं काढून ठेवा असं म्हणायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही.

मी विचारलं, "आता यावर उपाय?"

"लोकांनी बघितली पाहिजे, तीही शेवटपर्यंत. अर्धवट सोडलेली धरत नाहीत. किती जणांनी संपवली ते अॅपच्या कंपनीला बरोब्बर कळतं. दुसरा सीझन काढायचा की नाही ते महिनाअखेरीला ठरवतील म्हणे. बाबा, ठेवते हं, मीटिंग आहे."

बस्स. माझ्या डोक्यात एकच वाक्य राहिलं. किती जणांनी बघितली ते कंपनीला कळतं. माणसं जमवायची! त्यात काय अवघड आहे?

पहिले गाठले शब्बीरभाई. जन्मभर फौजेचे गणवेश शिवले या माणसानं, आता डोळ्यांमुळं मशीन मुलाकडं दिलंय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे अण्णा, ते अॅप तर आमच्याकडं पण आहे. रिचार्जबरोबर फुकट मिळालं. रात्री आम्ही दोघं बसून बघतो ना."

"छे छे, घरी कशाला?" मी म्हणालो. "माझ्याकडं या. टीव्ही मोठा आहे. चहा करतो."

मग सुभेदार शेळके. निवृत्त फौजी, पहाटे धावायला जातात आणि गल्लीतल्या कुत्र्यांनाही शिस्त लावतात. ते म्हणाले, "माझ्या घरच्या टीव्हीवर आहे. दोन दिवसांत मोहीम फत्ते करतो."

"सुभेदारसाहेब, एकट्यानं बघण्यात काय मजा? माझ्याकडं या."

मग सुमनताई. मूळच्या तिसगावच्या, बाजारात भाजी विकतात. त्यांनी तर मोबाईलच पुढं केला. "हे बगा, ह्यात बी हाय. पाटीवर बसल्या बसल्या बगते की मी, गिऱ्हाईक नसलं म्हंजे."

"मोबाईलवर? एवढ्याशा पडद्यावर गिरणी दिसेल का तुम्हाला? ते काही नाही. पाटी आवरली की माझ्याकडं."

असं घरोघर फिरलो. ज्याच्या त्याच्याकडं अॅप होतं. ज्याला त्याला मी बजावून सांगितलं, घरी बघायची नाही. एकानं ऐकलं नाही, पहिला भाग घरी सुरू केला, तर मी त्याच्यावर रुसलो. हे लक्षात ठेवा बरं का, मी रुसलो.

आणि आले हो सगळे! पहिल्या संध्याकाळी खुर्च्या पुरल्या नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी सतरंजी पुरली नाही. सुमनताई येताना उकडलेल्या शेंगा आणायच्या, शब्बीरभाईंच्या घरून कधी खारी यायची. दामूचा पट्टा तुटला तेव्हा सुभेदार उभे राहून त्याला सूचना देत होते. शेवंताबाई आली की सुमनताई म्हणायच्या, "बाई सरळ हाय, पर लई भिडस्त." घरात इतके आवाज की स्वयंपाकघरात दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. ओटा पुसताना मी गाणं गुणगुणत होतो. मालती गेल्यापासून पहिल्यांदा.

आठवड्यानं मी छाती फुगवून वृषालीला फोन केला. "तुमच्या जाहिरातवाल्यांना सांग, भिंगारमध्ये दामूची लाट आली आहे. दाराबाहेर चपलांचा ढीग बघायला ये. आज तर दोघांच्या चपला बदलून गेल्या."

"अरे वा," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "बाबा, दाराबाहेर म्हणजे? कुठं बघताय तुम्ही सगळे?"

"आपल्याकडं. कुठं म्हणजे काय?"

"आपल्या टीव्हीवर? माझ्या खात्यावर?"

"मग! कुणाला घरी बघू देत नाही मी."

 

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "कंपनीला चपला दिसत नाहीत."

"मग काय दिसतं?"

"खातं दिसतं. एक. माझं. त्यांच्या लेखी पुण्यातली एक मुलगी दामूची गिरणी दुसऱ्यांदा बघतेय. बास."

घ्या! सुभेदार, सुमनताई, शब्बीरभाई, त्यांच्या बेगम, कोपऱ्यावरचे दुसरे टेलर, त्यांची म्हातारी सासू, एवढ्या सगळ्यांचं मिळून काय झालं? पुण्याची वृषाली.

"पण त्यांच्याकडं अॅप नाही का?" तिनं विचारलं.

"सगळ्यांकडं आहे."

"मग त्यांना घरी का नाही बघू दिलंत?"

टीव्ही मोठा आहे म्हणून, असं काहीतरी बोललो. पण फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून राहिलो आणि स्वतःला खरं काय ते सांगून टाकलं. दामूला माणसं हवी होती हे निमित्त. माणसं मला हवी होती. एकट्यानं जेवायला बसलं की घास चावल्याचा आवाज ऐकू येतो, तो मला नको होता. त्यापायी मी दामूची सगळी गिऱ्हाइकं वळवून माझ्या दारात आणली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. दुसरं करणार काय? महिनाअखेर तर जवळ आली होती.

"म्हंजे एवढी मानसं बसली हुती ती मोजलीच न्हाईत?" सुमनताईंना पटेना.

"एक मोजलं."

"कोन?"

"वृषाली."

"ती तर नव्हतीच की हितं."

सुभेदार म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, घरी बघतो म्हणून." हे वाक्य ते पुढं कित्येकदा म्हणाले.

मग ठरलं. येत्या रविवारी दुपारची जेवणं झाली की प्रत्येकानं आपापल्या घरी, आपापल्या खात्यावर, पहिल्यापासून आठव्यापर्यंत एका दमात बघायची. मीसुद्धा रिचार्जच्या दुकानात जाऊन माझ्या नावाचं वेगळं खातं काढलं. दुकानदारानं विचारलं, "काका, सातबारा बघायचाय का?"

रविवार उजाडला. दुपारी दीडला गल्लीत चिटपाखरू नाही. मी गिरणी लावली आणि बसलो. सवयीनं मोठ्या पातेल्यात चहा टाकला होता, तो तसाच राहिला. पहिला भाग कसाबसा बघितला. दामू म्हणाला, "चला, झालं आजचं." मी 'हं' म्हणालो, तर तो माझा मलाच मोठ्यानं ऐकू आला. सतरंजी घडी घालून कोपऱ्यात पडलेली. दुसऱ्या भागात तर दामूकडं बघवेना.

उठलो, जरा पाय मोकळे करावे म्हणून बाहेर आलो. तर काय सांगू, शेळक्यांच्या खिडकीतून गिरणीची पुक-पुक. शब्बीरभाईंच्या दारातून पुक-पुक. सुमनताईंच्या ओट्यावर मोबाईलची बारीक पुक-पुक. गल्लीतल्या घराघरात दामू पोचला होता. मला हेच हवं होतं ना? हेच हवं होतं. आणि मी रस्त्यात उभा होतो, अख्ख्या गल्लीत मीच तेवढा बाहेर.

शब्बीरभाईंचं दार वाजवलं. "साखर आहे का वाटीभर?"

"आओ अण्णा, आत या." त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. वाटी न्यायला विसरलो होतो. "तुमचं तिकडं चालू आहे ना?"

"चालू आहे की. टीव्ही कुठं पळून जातोय?"

"मग बसा थोडा वेळ."

थोडा वेळ म्हणजे काय, तर आठवा भाग संपेस्तोवर बसलो. बेगमनी दोनदा चहा दिला. वाटीभर साखर मागायला गेलेला माणूस दिवेलागणीला परत निघाला, तोही साखर न घेता.

आणि बाहेर पडतो तर समोरून सुभेदार, सुमनताई, कोपऱ्यावरचे टेलर, सगळे माझ्याच घराकडं निघालेले. प्रत्येकजण आपली मोहीम फत्ते झाल्याचं सांगत होता. सुमनताई म्हणाल्या, "घरी बघून मजा न्हाई आली अण्णा. चला, तुमच्याकडंच च्या घिऊ." मी खूश. पुढं होऊन दार उघडलं.

आता हे अॅप फार हुशार असतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. बराच वेळ कुणी रिमोटला हात लावला नाही की त्याला शंका येते. मग ते मालिका थांबवतं आणि विचारतं. माझ्या अंधारलेल्या घरात, रिकाम्या खुर्चीसमोर, तिसऱ्या भागात दामू डबा उचलता उचलता थिजला होता, आणि त्याच्या तोंडावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'तुम्ही अजून पाहत आहात का?'

सुमनताईंनी ते एकेक शब्द लावून मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"अण्णा, तुमीच न्हाई बगितली व्हय?"

सगळ्या गल्लीला घरात बसवून मी कुठं होतो, हे शब्बीरभाईंना ठाऊक होतं. पण भला माणूस, छताकडं बघत राहिला.

सुभेदारांनी मात्र कोर्ट मार्शल सुरू केलं. "बसा खुर्चीत. घ्या रिमोट. आता आम्ही सगळे इथं बसतो आणि तुमची संपेपर्यंत कुणी हलत नाही." लगेच कोपऱ्यातली सतरंजी उलगडली गेली. सुमनताई चहा गरम करायला आत गेल्या. घरात पुन्हा तेच आवाज, तीच भांडणं, दामूला त्याच सूचना. मी मधोमध खुर्चीत, कैदी.

आणि सहाव्या भागात मला झोप लागली.

हसू नका. महिनोन्महिने रात्री कूस बदलत काढलेला माणूस मी. आजूबाजूला माणसं कुजबुजत होती, शेंगा सोलल्याचा आवाज येत होता, आणि डोळे कधी मिटले कळलंच नाही. त्यांनी मला उठवलं नाही. आवाजानं जाग येईल म्हणून टीव्ही बंद केला, अंगावर शाल टाकली, दार ओढून घेतलं आणि पायांचा आवाज न करता गेले. सकाळी उठलो तर मालिका सहाव्यातच.

दुसऱ्या संध्याकाळी सगळे पुन्हा हजर. "आज संपवायचीच," सुभेदार म्हणाले. पुन्हा सहावा भाग. पुन्हा मला झोप.

सुमनताई म्हणत होत्या, "ऱ्हाऊ द्या चालू. कंपनीला काय दिसतंय, डोळं झाकल्यात का उघडं?"

"ती फसवणूक झाली," सुभेदार म्हणाले. "झोपेत बघितलेलं मी धरणार नाही." आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

असं गेला आठवडाभर चाललंय. बाकी गल्लीनं दामूची गिरणी संपवली, कंपनीकडं तशी नोंद झाली असणार. राहिला आहे तो एक मी, ज्यानं ही चळवळ काढली. अॅपला आता खात्री पटली आहे की या माणसाला दामू आवडत नाही. काल उघडल्या उघडल्या म्हणालं, 'खास तुमच्यासाठी', आणि दाढीवाला कोयता घेऊन समोर उभा.

वृषालीचा फोन आला होता. "बाबा, परवा महिना संपतोय. तुमची झाली का बघून?"

म्हटलं, "दोन-अडीच भाग राहिलेत. डोळा लागतो गं मधेच."

"बरं वाटतंय ऐकून," ती म्हणाली. "झोप येत नव्हती ना तुम्हाला."

काल संध्याकाळी सहाव्या भागात माझी मान कलंडली. सुभेदारांनी टीव्ही बंद केला, सुमनताईंनी कप उचलले, शब्बीरभाईंनी हळूच शाल पांघरली आणि म्हणाले, "सोने दो. उद्या पुन्हा येऊ."

दामूला सांगू नका, पण मी जागा होतो.